नऊ आणे खात्री

रक्ततपासणीच्या लॅबमधलं, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र एका सकाळी कण्हायला लागलं. ते बघायला आलेल्या मेकॅनिकने आल्या आल्या तिथल्या डॉक्टरबाईंच्याच खुर्चीला पाय अडकवला आणि अवजारांची अख्खी पिशवी जमिनीवर सांडली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "यंत्र नंतर बघतो, आधी स्वतःला सावरतो."

ती गालातल्या गालात हसली. "न उघडता सांगता येईल, काय बिघडलंय ते?"

"पट्टा. असं कण्हणं बहुतेक वेळा पट्ट्याचंच असतं. तो नीट निघाला, तर मत बदलायचं."

"आमचंही तसंच. लाखात एखाद्याला होणारा आजार रिपोर्टात दिसला, तर लगेच घाबरायचं नाही. बहुतेक रिपोर्टच चुकलेला असतो. पुन्हा तपासायचं, मग अंदाज वर सरकवायचा."

"आणि खात्री कधी होते?"

"पूर्ण...? कधीच नाही," ती म्हणाली. "पुरेशी झाली की औषध सुरू."

पट्टाच निघाला.

त्यानंतर लॅबमधली यंत्रं वरचेवर कुरकुरायला लागली – निदान तिला तरी तसं ऐकू यायला लागलं. तो यायचा, हसायचा. त्यावर हुरळून जाणाऱ्यांतली ती नव्हती. तो वॉचमनकाकांकडे बघूनही तस्साच हसायचा, आणि जे सगळ्यांना मिळतं त्याला काही पुरावा म्हणत नाहीत. मग एकदा तिची मान दुखते हे पाहून त्याने तिच्या मायक्रोस्कोपखाली लाकडी ठोकळा बसवून दिला. आपण याला आवडतो, हा तिचा अंदाज थेट बारा आण्यांवर गेला. पण दुपारी कळलं की सफाईवाल्या मावशींच्या बादलीलाही त्याने चाकं लावून दिली आहेत. झालं, अंदाज घसरला. मात्र तिच्या खोलीत शिरण्याआधी हा बाबा जिन्यात थांबून केस विंचरतो, ही बातमीही मावशींनीच आणली. बादलीसाठी कुणी केस विंचरत नाही. सोळातले नऊ आणे तरी धरायला हरकत नव्हती.

आणि अशातच मोठ्या साहेबांचा फोन आला. दुसऱ्या शहरातल्या लॅबची प्रमुख म्हणून जायचं, हो की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगायचं. काम तिला हवंच होतं. पण तो नुसताच हसरा आहे की आपला आहे, हे न कळता निघून जाणं तिच्या अगदी जिवावर आलं. तिने ताईला फोन लावून नऊ आण्यांचा हिशोब सांगितला.

"अगं, तुला रिपोर्ट हवाय की नवरा?" ताई म्हणाली. "मी तुझ्या भावोजींना सहा आण्यांवर हो म्हटलं."

"आणि उरलेले दहा?"

"ते अजून कळतायत. हे बघ, विचारलंस आणि तो नाही म्हणाला, तर चार दिवस तोंड लपवशील. न विचारता गेलीस, तर जन्मभर मनाशी चडफडत बसशील."

दुपारी तो आला. नऊ आणे तर नऊ आणे, असं म्हणून ती बोलली, "मी जातेय... बहुतेक. दुसऱ्या शहरात."

तो यंत्राला कान लावून बसला, बराच वेळ.

"काय ऐकताय?"

"आवाज... येतोय थोडा."

"प्लग काढून ठेवलाय मी."

त्याचे कान लालबुंद झाले. "मी शक्यताच शून्य धरली होती," तो हळूच म्हणाला. "तुम्ही कुठे, मी कुठे... त्यामुळे तुम्ही काहीही केलंत तरी माझं मत हलेना. चांगलं चाललेलं यंत्र बघायला बोलावलंत, तेव्हाही वाटलं, बाईंना कानाचा त्रास असेल."

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "शून्य कधी धरायचं नाही हो. मग हजार पुरावे आले तरी शून्यच राहतं. थोडी तरी फट ठेवायची."

"किती?"

तिने त्याचा तेलकट हात हातात घेतला. "आता सांगा."

त्याने दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय ठरलं?" साहेबांनी विचारलं.

"येते, साहेब." तिने हात सोडला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. त्याने मान हलवली – एकदा, आणि मग घाईघाईने पुन्हा एकदा.

"फक्त एक विचारायचं होतं," ती फोनवर म्हणाली. "तिथे राहायला जी जागा मिळते... ती दोघांना पुरेल ना?"