दोन हातांचं वळण

लाइट गेली तशी पोरं गणपतकाकांच्या खळ्यात जमली.

"काका, भुताची सांगा!"

"भुताची न्हय. माझ्या भाच्याची, विनीतची. खरी की खोटी तां त्याकाच विचारा," काका म्हणाले आणि सांगू लागले.

गेल्या पौषातली अवस, रविवार. विनीत मोझांबिकहून सुट्टीवर आला होता. त्याच्या दोन वर्षांच्या तन्वीला ताप चढला, म्हणून रात्री सव्वानऊला तो मोटरसायकल काढून आचऱ्याला गेला. औषध मिळालं. बाटली खिशात घालून परत निघाला.

आता तिकडे मोझांबिकात तो काय करायचा तेही ऐका. आतल्या गावांपासून बंदरापर्यंत नवा रस्ता होत होता, त्यावर विनीत रोलर चालवायचा. दर पन्नास पावलांवर खुंटी, खुंटीला लाल फीत, त्या रेषेत रस्ता. एक खुंटी नेमकी काजूखालच्या लहानशा थडग्यावर आली. ज्या म्हातारीची नात तिथे पुरलेली, ती रोज येऊन उभी राहायची. "रस्ता दोन हात वळवा. नाहीतर तिला विचारून तरी जा." एवढंच तिचं म्हणणं.

विचारायचं म्हणजे आपलं गाऱ्हाणंच की! जमिनीला हात लावण्याआधी नारळ ठेवून जागेवाल्याला, त्या जागेच्या राखणदाराला, सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यासाठी निघताना त्याच्या आईने नारळसुद्धा बांधून दिला होता. पण चार लोकांत विनीतला लाज वाटली.

"थंयच्या भुतांका मालवणी खंय समाजता?" म्हणून हसला.

नारळ कोलंबीच्या कालवणात गेला. रोलर थडग्यावरून.

तर त्या रात्री, गावची पाणंद लागली आणि गाडीच्या उजेडात काहीतरी लाल हललं. रस्त्याच्या मधोमध खुंटी. खुंटीला फीत.

कोणत्या तरी पोरांचा चावटपणा, असं म्हणून त्याने गाडी बाजूने काढली. पन्नास पावलांवर दुसरी. मग तिसरी. आपल्या गावात तर कसलंच काम चालू नव्हतं. आणि मागून आवाज येऊ लागला... घर्र... घर्र. बारा टनांचा रोलर. तो आवाज विनीतला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

वळून बघितलं. काळोख.

खुंट्या त्याच्या घराकडे वळल्या. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या दारातून, आत. तुळशीकडून. पायरीवर एक. माजघरात एक...

शेवटची तन्वीच्या उशाशी.

आकांक्षा, त्याची बायको, पोरीला छातीशी धरून बसलेली. "अहो, जमीन कित्या हलता?"

विनीतने स्वयंपाकघरातून नारळ आणला. खाली ठेवला. हात जोडले.

"बाय गो... तुका न विचारता गेलंय. माझा चुकला. माझ्या चेडवाक... वगळून जा."

घर्र... घर्र... भिंतीवरचे फोटो वाजले.

मग आवाज थांबला. अगदी भिंतीबाहेर.

आणि काळोखातून, लहान पोरीच्या बारीक आवाजात...

"व्हय... म्हाराजा."

आकांक्षाचे ओठ मिटलेले होते. तन्वी ग्लानीत होती.

पहाटे ताप उतरला. खुंटी एकही नव्हती. नारळ होता तिथेच होता.

काका थांबले. पोरं एकमेकांना चिकटून बसलेली.

"मगे, काका?"

"मगे काय? उजाडल्यार मी स्वता बघूक गेलंय. त्याच्या बेड्यापासून रोलरच्या रुंदीचो पट्टो. माती दगडासारखी दाबलेली. सरळ तन्वीच्या खोलीच्या भिंतीपर्यंत..."

काकांनी हाताने हवेत वळण काढलं.

"थंय दोन हात वळान मागच्या काजूत गेलेलो. पावसात सगळीकडे गवत इला. त्या पट्ट्यात अजून एक काडी नाय."