चौदा जणांची ॲलर्जी

सोमवारी सकाळी महापालिकेच्या यंत्रकक्षात चौदा वैद्यकीय दाखले एकाच लिफाफ्यातून येऊन पडले. चौदाही पाणीपुरवठ्याच्या चालकांचे. दुखणं एक, 'स्पर्शमोज्यांच्या कापडाची ॲलर्जी', डॉक्टरही एकच. नोंद करून घ्यायचं काम उत्पला ओव्हाळकडे आलं, म्हणून तिला तारखा दिसल्या. सगळ्यांची खाज शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाली होती. शुक्रवारी दुपारी नव्या महापौरांचा आदेश निघाला होता.

आदेश साधा होता: दर तीन महिन्यांनी टेबलं बदलतील. पाण्याचे चालक ड्रेनेजवर, ड्रेनेजचे पाण्यावर.

शहराच्या गटारात माणूस उतरून चार वर्षं झाली होती. आता आठ पायांचं एक यंत्र उतरायचं. कक्षात त्याला खेकडा म्हणत. खाली चिखलात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून खेकड्याच्या नांग्या जे चाचपतील ते तिसऱ्या मजल्यावर, गार हवेत बसलेल्या चालकाच्या हातमोज्यांत उमटायचं: घट्ट, बुळबुळीत, टोकदार. मोज्यांना ना ओल लागायची ना वास. पाण्याच्या टेबलांवरही तसलेच मोजे होते, जमिनीखालचे व्हॉल्व्ह फिरवायला. तरी ड्रेनेजची चार टेबलं ओव्हाळ, गोहेर, सोळंकी आणि खरात यांच्याकडेच होती. परीक्षा नावं झाकून झाली होती. अर्जात फक्त 'संबंधित कामाचा कौटुंबिक अनुभव' असा एक रकाना होता. उत्पलाने तो प्रामाणिकपणे भरला होता. वडील एकोणतीस वर्षं गटारात उतरत.

ती लिफाफा घेऊन शाखा अभियंता हर्डीकरांकडे गेली.

"साहेब, पाण्याचे मोजे आणि आमचे मोजे एकाच पेटीतून आलेत. कापड तेच."

"मला ठाऊक नाही का? पण डॉक्टरने लिहून दिलंय. डॉक्टरपुढे मी काय बोलणार?"

"मग आत्ता ते सगळे मोजे घालूनच बसलेत, ते?"

हर्डीकरांनी चष्मा पुसला. "ओव्हाळबाई, तुम्ही फार बारकाईने वाचता हो."

चौदा जणांत सगळ्या प्रकारची आडनावं होती. वर्गणी काढायची म्हटली तर यांच्यात दोन तट पडायचे. खाज मात्र एकजुटीने सुटली होती.

सव्वाअकराला महापौरांचा फोन आला. विशाखाताई गवारे उत्पलाच्याच वस्तीतल्या. त्यांच्या प्रचारात उत्पलाचे वडील दम लागेपर्यंत चालले होते.

"कुणी बसलं का गं ड्रेनेजच्या कामाला?"

"नाही, ताई."

"बाराला सभा आहे. एकाने जरी काम केलेलं दाखवता आलं, तर आदेश टिकवते. नाहीतर अव्यवहार्य म्हणून मागे घ्यावा लागेल. पुन्हा आणायला माझ्याकडे मतं नाहीत."

"म्हणजे आम्ही चौघं इथेच."

"बाई, मी आदेश काढू शकते. लोकांच्या हातांना हुकूम कसा सोडू?"

फोन ठेवते तोच तक्रार आली: सातघर नाका, प्रसूतिगृहासमोर गटार तुंबलंय, पाणी पायरीला लागलंय. उत्पलाने मोजे चढवले, खेकडा तिथे नेला. बोटांना अडसर लागला. चिंध्या, प्लास्टिक, वर थिजलेल्या तेलाचा थर. दहा मिनिटांचं काम. तिची बोटं आपोआप वळली, आणि थांबली.

पडद्यावर आदेशासोबत एक नवं बटण आलं होतं: 'दुसऱ्या टेबलाला द्या'. शुक्रवारपासून ते कुणी दाबलं नव्हतं. तिने पाण्याचं टेबल सहा निवडलं; तिथल्या घोरपड्यांचाही दाखला त्या लिफाफ्यात होता. काही लपवलं नाही. घोरपड्यांच्या पडद्यावर स्वच्छ अक्षरं उमटली: 'काम ११७. सातघर नाका, ड्रेनेज, खेकडा. स्वीकारता?'

घोरपडे शेजाऱ्याला मुलीच्या साखरपुड्याचा हॉल कसा मिळाला ते सांगत होते. दिवसाला चाळीस कामं येत. पडद्याकडे न बघता त्यांनी हिरव्या चौकोनावर अंगठा ठेवला.

उत्पलाने घड्याळ पाहिलं: अकरा एकतीस.

"काय शेवाळ धरलंय हो या व्हॉल्व्हला," घोरपडे म्हणाले. "आणि कॅमेरा नुसता गढूळ. मेन्टेनन्सवाले झोपलेत काय?" बोलता बोलता त्यांची बोटं हवेत चालत होती. हात सफाईदार होता, हे तिला मान्य करावं लागलं. चिंधी ओढली, थर फोडला, गोळा बाजूला सारला. नवव्या मिनिटाला प्रसूतिगृहाचा निरोप आला: पाणी ओसरतंय. घोरपड्यांनी मोजे काढले आणि डबा उघडला.

बाराला दहा कमी असताना पुन्हा ताईंचा फोन वाजला. उत्पलाने लगेच उचलला नाही. नाव सांगितलं तर टेबल बदलेल. पण उद्या या चौदा जणांनी पाण्याचे मोजेही उतरवून ठेवले तर? शहराच्या नळांना पाणी येणार नाही, आणि बोट कुणाकडे दाखवलं जाईल हे तिला सांगायला नको होतं.

तिने फोन उचलला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालंय, ताई. घोरपडे, टेबल सहा. अकरा एकतीस ते अकरा चाळीस. अंगठा त्यांचाच आहे."

सगळे घोरपड्यांकडे बघायला लागले. हर्डीकरांनी पडद्यावरची नोंद उघडली, दोनदा वाचली आणि मान डोलावली.

घोरपड्यांचा घास तोंडाजवळ थांबला. ते चिडतील, ओरडतील, असं उत्पलाला वाटलं होतं. त्यांनी घास डब्यात ठेवला आणि हात उलटसुलट करून पाहिला. हाताला पोळीचं तूप तेवढं लागलं होतं.

तेवढ्यात शेजारच्याने, ज्याला मघापासून हॉलची गोष्ट सांगणं चाललं होतं त्याने, आपला डबा हळूच वीतभर लांब ओढला. वर बघितलंसुद्धा नाही.

घोरपडे त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत राहिले. मग चार वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची वळवून ते उत्पलाकडे तोंड करून बसले.

"ओव्हाळबाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे असं किती दिवस चालतं?"