गार गाडी

दाजींचा ट्रक चढावर तापायचा आणि त्याचा राग घरी ताईवर निघायचा. म्हणून गॅरेजवाल्या मेस्त्रीने, ताईच्या धाकट्या भावाने, रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट काढून नवं भरलं आणि त्यात अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतायला घेतली. कितीतरी गाड्यांत घातलेलं तेच औषध, त्यात जादूटोणा काही नव्हता. ताई नरसाळं धरून उभी होती. थोडं बाहेर सांडलं, तशी दाजींनी तिला अशी ठेवून दिली की ओठ फुटला आणि रक्त नरसाळ्यातून आत गेलं. मेस्त्रीने दात-ओठ खात झाकण लावलं आणि ताईला गॅरेजमागच्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. चढावर गाडी थांबवली होती.

"मेव्हण्या, कमाल केलीस. भरल्या गाडीने चढतोय, टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. इंजिनावर हात ठेवला, तर गार!"

मेस्त्रीला ते काही पटलं नाही. औषधाने उष्णता लवकर बाहेर पडते, नाहीशी होत नाही. मग ती जात होती कुठे?

फोनवर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि गॅरेजमागच्या खोलीत ताई किंचाळली. ती फरशीवर तडफडत होती. गळ्यावर फोड तरारले होते. त्याने ओलं फडकं ठेवलं, तर वाफ निघाली.

"दाजी, गाडी बंद करा. ताई भाजतेय."

"तिची नाटकं मला सांगू नकोस." दाजींनी मुद्दाम रेस वाढवली. गळ्यावरचा एक फोड फुटला.

शेजारणीला तिच्या फोनवरून आपल्याला लावून तो ताईच्या कानाशी धरायला सांगून त्याने मोटारसायकल पिटाळली. ट्रकला आडवा गेला, दाजींना कॉलर धरून खाली खेचलं आणि डोक्यात खिशातला पाना घातला. ते कोसळले. त्याने इंजिन बंद केलं.

"आग उतरली रे," ताई फोनवर म्हणाली.

त्याला रडू फुटलं. पण ताईचं रक्त मिसळलेलं हे औषध आत ठेवायची सोय नव्हती. तो ट्रकखाली शिरला आणि रेडिएटरचा खालचा प्लग काढला. थंडगार धार रस्त्यावर पडू लागली.

"बरं वाटतंय," ताई म्हणाली. मग म्हणाली, "फार गार वाटतंय रे." मग नुसते दात वाजायला लागले.

प्लग उतारावरून केव्हाच गडगडत गेला होता. त्याने भोकात अंगठा कोंबला. धार थांबली. ताईचा श्वास ऐकू आला.

अंगठा जरा ढिला केला. श्वास अडकला.

त्याने पुन्हा दाबला.

चाकाजवळ दाजींचे बूट दिसले. त्यांनी वाकून पाना उचलला.

"बाहेर ये."

मेस्त्रीचे पाय ट्रकबाहेर होते. पहिला घाव गुडघ्यावर बसला. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने शर्टाची बाही दातांत धरली आणि अंगठा तसाच दाबून ठेवला.