पाचवी पोळी

किल्ली माझ्याकडेच आहे, एसेन. समोरचं घर रिकामं आहे, चूल धड आहे, मालक तुला द्यायला तयार आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतोयस. आणि मी तिसऱ्यांदा नाही म्हणतोय.

नव्या बायकोदेखत मामानं नाही म्हटलं की भाच्याला लागतं, कळतं मला. तुझी जुनी नोकरी सुटलीय, नवी लागायला दोन महिने आहेत, तेवढ्यापुरतं छप्पर हवंय. त्यात काही चूक नाही. झामिरचंही अगदी असंच होतं. म्हणून तर...

बर्मेत, चहा ओत, पोरी. अर्धाच ओत, भरलेली वाटी म्हणजे आता उठा असा इशारा. वाटी भरलीस तर मला वाटेल, म्हाताऱ्याला झोपवायची घाई झालीय.

ऐका तर. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. झामिर वरच्या खाणीत क्रेन चालवायचा. सप्टेंबरात तिथलं काम संपलं. बिश्केकला लिफ्टदुरुस्तीचं काम ठरलं होतं, पण ते एक डिसेंबरपासून. मधले दिवस काढायला तो आणि त्याची बायको तोल्कुन समोरच्या घरात येऊन राहिले. तोल्कुन बाजारातल्या औषधांच्या दुकानात होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. झामिर घरी. निम्मं सामान खोक्यांत बांधलेलं. हवी ती वस्तू नेमकी तळाशी. कोळसा फोडायचा, चूल पेटवायची, कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी आणायचं, सूप करायचं. खाणीत पंधरा वर्षं राबलेला माणूस तो. गल्लीतल्या बायका हसायच्या. "काय सूनबाई, आज काय शिजवलं?" पहिल्या आठवड्यात तोही हसायचा. म्हणायचा, "सासू कडक आहे हो, सहा वाजता येते." मग हसेनासा झाला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी तो दूध आणायला गेला. बाकी काही नाही, फक्त दूध. खालच्या गल्लीत जाऊन परत यायला अर्धा तास. दाराला कुलूप होतं, तसंच होतं. उघडून आत आला तर स्वयंपाकघरात वास.

तापलेल्या तेलाचा.

कढई खिळ्याला टांगलेली. त्यानं हात लावला. कोमट.

त्याच्या मनात काय आलं असेल? तेच, जे तुझ्या मनात येईल. दुसरी किल्ली तोल्कुनकडे. म्हणजे तोल्कुन येऊन गेली. दुपारची आली, काहीतरी तळलं आणि मी यायच्या आत गेली. कुणासाठी?

संध्याकाळी त्यानं आडून विचारलं. "दुपारी येऊन गेलीस का गं?"

"मी? दुकान टाकून?" आणि मग तिनंच त्याच्याकडे रोखून पाहिलं. "का? कुणी आलं होतं का?"

बघा हं. एक प्रश्न यानं टाकला, एक तिनं. तिथून दोघांच्याही डोक्यात किडा शिरला.

पुढच्या आठवड्यात तोल्कुननं तेलाची बाटली त्याच्यापुढे आपटली. "ही शनिवारी आणली होती. तू सूप करतोस की पोहतोस तेलात?"

"मी हात लावला नाही त्याला."

"मग मी लावला? मी असते का घरी? दिवसभर घरी कोण असतं?" तिनं कढई काढली, उलटीपालटी केली. "आणि ही कुणी घासली?"

"मीच घासली असेन."

"तू?" ती हसली. वाईट हसली. "पाच वर्षं संसार केलाय तुझ्याशी. तू घासलेली कढई मी अंधारात ओळखेन. ही बाईच्या हातानं घासलीय, झामिर. राखेनं. काठासकट."

कढई त्यानं घासली नव्हतीच. त्याला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. स्वतः येऊन तळून जायचं, घासून ठेवायचं, आणि वर मलाच विचारायचं. तिला वाटलं, मी तिकडे खोकल्याचं औषध विकतेय आणि हा इकडे कुणाला तरी घरात घेतोय. एका पलंगावर दोघं, एकमेकांकडे पाठ करून. भिंत पातळ हवी असं नाही, गल्लीला ऐकू जातंच.

त्यानंतरच्या गुरुवारी झामिर तडक औषधांच्या दुकानात गेला. बघावं तरी, आहे का जागेवर. नव्हती. तिला थोरली बहीण मानणारी दुसरी मुलगी म्हणाली, "तोल्कुन एजे आत्ताच गेली, डोकं दुखतंय म्हणाली." झालं. याला पुरावा मिळाला. आणि खरी गोष्ट काय, तर तोल्कुन त्याच वेळी धापा टाकत घरी आली होती, याला पकडायला. घराला कुलूप, नवरा बेपत्ता. आत तेलाचा वास. तिलाही पुरावा मिळाला.

कुणी कुणाला बोललं नाही. बोलले असते तर... असो.

आता एकवीस नोव्हेंबर. वार गुरुवारच. हो बर्मेत, गुरुवार. तुझी सासू करते ना अजून, गुरुवारी तेल तापवते, पोळ्या तळते? गेलेल्या माणसांना वास पोचावा म्हणून? आपल्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या करतात. पण हे दोघं तरुण. त्यांच्या डोक्यात वार आलाच नाही.

त्या सकाळी झामिर म्हणाला, "मी बिश्केकला चाललोय. खोली बघून उद्या येतो." पिशवी घेऊन निघाला, बसथांब्यापर्यंत गेला, आणि दुपारी मागच्या बाजूनं परत येऊन कोळशाच्या खोपटात बसला. फळीच्या फटीतून घराचं दार दिसतं, स्वयंपाकघराची खिडकीही. पायाखाली कोळसा, अंगावर खाणीतला जुना कोट. बर्फ भुरभुरत होतं.

आणि तोल्कुन कुठे होती? इथे. या खोलीत, या खिडकीशी, माझ्या बायकोच्या शेजारी. चार वाजताच आली. म्हणाली, "एजे, मला थोडा वेळ तुमच्या पडद्यामागं बसू द्या. नवरा गावाला जातो म्हणाला, पण पिशवी हलकी होती." माझी बायको सागिन म्हणाली, "बस. पण जे दिसेल ते इथेच ठेवून जा, छातीवर घेऊन जाऊ नकोस." मी चुलीशी बसून खिडकीबाहेर बघत होतो. मला वाटलं, पोरखेळ. खोटं कशाला सांगू, जरा मजाच वाटत होती.

पाच वाजले. उजेड गेला. साडेपाच वाजले.

पाच चाळीसला समोरच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.

तोल्कुन ताडकन उठली. "बघा. बघितलंत? आतच आहे तो. बिश्केक म्हणे!"

फाटकातून कुणी आत गेलं नव्हतं. मी पाहत होतो. बर्फावर पाऊल नव्हतं. पण ती कुठलं ऐकतेय.

तिकडे खोपटात झामिरनंही दिवा पाहिला. त्यानं फोन काढला. तिला लावला. इथे, माझ्यासमोर, तिच्या हातात फोन वाजला.

"कुठे आहेस?" तो कुजबुजला.

"दुकानात." तिचाही आवाज बारीक. "तू?"

"बिश्केकला. पोचलो."

"हं."

"हं."

तेवढ्यात आमचं कुत्रं भुंकलं.

तिला ते दोनदा ऐकू आलं. एकदा अंगणातून, एकदा फोनमधून. त्यालाही तसंच. दोघंही समजले, समोरचा खोटं बोलतोय, इथेच आहे. आणि इथे म्हणजे कुठे? दिवा लागलाय तिथे. आत.

ती दार उघडून धावली. तोही खोपटातून सुटला. मी फाटकापर्यंत आलो. पायरीवर दोघं एकमेकांवर आदळले.

"तू..."

"तू आत नाहीस?"

"मी खोपटात होतो. तू आत नाहीस?"

दोघांनी एकदम दाराकडे पाहिलं.

दाराला कुलूप होतं. खिडकीत दिवा. आणि आतून आवाज येत होता. चर्र... थांबून, पुन्हा चर्र... पीठ तेलात सोडल्यावर येतो तो.

मी फाटक धरून उभा होतो. पुढे गेलो का? नाही गेलो. आजही लाज वाटते, पण नाही गेलो.

तोल्कुननं झामिरचा हात धरला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या हातानं किल्ली लावली. का लावलीस, पळून का गेली नाहीस, असं सागिननं तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तीन आठवडे मी यालाच दोष देत होते, एजे. आत कोण आहे ते मला बघायलाच हवं होतं."

दार उघडलं.

चुलीशी एक म्हातारी. पाठमोरी. डोक्याला पांढरं फडकं, अंगात निळी मखमली बंडी. ताटात चार पोळ्या, एकावर एक. पाचवी कढईत. ती हलक्या हातानं उलटत होती. घाई नाही. आपल्याच घरात असल्यासारखी.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"आलात?" म्हणाली. "दोघंही?"

थांबली.

"बरं झालं. दार लावा. वास बाहेर जातोय."

दिवा गेला.

ते दोघं माझ्या अंगावरूनच धावत आले. या खोलीत, इथे, तू बसलीयस ना बर्मेत, त्याच जागी तोल्कुन बसली. दातावर दात. थोरल्या भावाला म्हणावं तसं झामिर मला एकच म्हणत होता, "बाइके, आम्ही दोघंही नव्हतो आत. आम्ही दोघंही बाहेर होतो..."

रात्र त्यांनी इथेच काढली. सकाळी मी मुल्लाला घेऊन गेलो. ताट नाही, पोळी नाही. कढई खिळ्याला. घासलेली, काठासकट.

आता माझा अंदाज काय, की ही घरमालकाची आई असणार. त्या घरात तिनं जन्म काढलेला. पोरगा तिला घेऊन शहरात गेला, नंतर काही बातमी नाही. वारली असेल, मुलाला तेल तापवायला वेळ नसेल, म्हणून बिचारी स्वतःच स्वतःसाठी तापवतेय. असंच वाटणार ना कुणालाही? मी मालकाला फोन लावला. जरा घुश्शातच विचारलं, "तुझ्या आईच्या नावानं शेवटचं कधी तळलंस रे?"

तो म्हणाला, "तोंड सांभाळून बोला, बाइके. आई समोर बसून चहा पितेय."

मग म्हातारीनंच फोन घेतला. मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "ताटात किती होत्या?"

झामिर शेजारीच होता, फोनला कान लावून. तो म्हणाला, "चार. पाचवी कढईत."

"आमच्या वेळी तीन असायच्या," म्हातारी म्हणाली. "मी, आमचे हे, आणि हा पोरगा. तिघं होतो आम्ही घरात."

पलीकडे चहाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पोरा," तिनं विचारलं, "पाचवी तळून झाली होती?"

"...नाही. कढईतच होती."

"मग आजच निघा, ती तळून व्हायच्या आत. सामान राहिलं तर राहू दे."

तिनं फोन ठेवला. मी पुन्हा दोनदा लावला. उचलला नाही.

नको, बर्मेत. बोटं मोजू नकोस. तीन ते आणि दोन हे, मीही मोजून पाहिलंय. खाली घे हात.

दुपारी दोनच्या गाडीनं गेले ते. खोकी मीच नंतर ट्रकवाल्याकडून पाठवली. बिश्केकला झामिरची नोकरी लागली, बरं चाललंय. तोल्कुनला तिथंही औषधांच्याच दुकानात काम मिळालं. सागिन सांगते, त्यानंतर दोघांनी एकमेकांना कधी "कुठे होतास, कुठे होतीस" म्हणून विचारलं नाही. एवढं एक चांगलं झालं म्हणायचं. त्या घरात तेव्हापासून कुणी राहिलेलं नाही, आणि मी जिवंत आहे तोवर माझ्या हातून ती किल्ली कुणाला जायची नाही. एसेन, तू आणि बर्मेत इथेच राहा, माझ्याकडे. दोन महिने काय, दोन वर्षं राहा. सागिनला सोबत होईल.

काय म्हणालास? भास? दोघांनाही एकदम? असू शकेल. मीही तसंच ठरवलं होतं. दोन वर्षं तसंच मानून झोपलो.

पण मागच्या आठवड्यात झामिर आला होता, कोपऱ्यावरच्या घरी मयत झाली त्याला. तिथून जेवायला इथे आला. एकटाच. बारीक झालाय. मी म्हटलं, हात धू. मीच तांब्या घेतला, खाली तसराळं धरलं. त्यानं बाही वर केली.

मनगटावर फोड होता. मसुराएवढा. लाल, पाण्यानं टरटरलेला. आत्ताच तेल उडाल्यासारखा.

"कधी भाजलं रे?"

त्यानं फोडाकडे पाहिलं.

"त्या दिवशी," म्हणाला.

"दोन वर्षं झाली, झामिर."

त्यानं हात तसाच पुढे धरला. मी पाणी ओतलं. बाहेरच्या बादलीतलं, बर्फासारखं गार.

आणि त्याच्या मनगटावर ते... चर्र झालं.