घट्ट झालेल्या कवळ्या

बसा. वीज येईपर्यंत भट्टी काही तापायची नाही, तेव्हा काम असंही बंदच आहे. दिवा जरा तुमच्याकडे सरकवते.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि मी या खोलीत मेणाशी नि प्लॅस्टरशी झटापट करत बत्तीशी उभी करते. पूर्वी पोरांचे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तारांचंही काम यायचं. ते कधी बंद पडलं माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आता सगळ्या कवळ्याच. धंदा बरा चालतो, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी मी निघाले ती एका तक्रारीपायी. माझी धाकटी बहीण डोंगरातल्या एका गावात, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नोकरीला होती. आई लवकर गेली म्हणून तिला मीच लहानाची मोठी केलेली. निवासातल्या सगळ्यांच्या कवळ्या तिनेच माझ्याकडून करून घेतल्या होत्या. एके दिवशी तिचा फोन आला.

"ताई, तुझ्या कवळ्या सगळ्यांना टोचतायत. घट्ट होतायत म्हणतात."

मला हसू आलं. कवळी सैल होते हो, घट्ट होत नाही. वय वाढेल तशी हिरडी झिजते, मग कवळी ढिली पडते, बोलताना टकटक वाजते. घट्ट झालेली कवळी मी आजवर पाहिली नव्हती.

"तूच येऊन बघ," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. सर्दी झाली असेल, म्हटलं. तिला भेटून दीड-दोन वर्षं होऊन गेली होती. त्या निमित्ताने भेटही होईल म्हणून मी मापाचं सामान पिशवीत भरलं आणि सकाळची बस धरली.

चढण लागली तशी बस रिकामी होत गेली. शेवटी मी आणि कंडक्टर. मी उतरायला उठले तेव्हा त्याने विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही. का?"

"इथे लोक मयतीलाच उतरायचे, म्हणून विचारलं." त्याने दार उघडलं. "हल्ली तेही उतरत नाहीत. इथलं कोणी जातच नाही."

भर दुपार होती, पण धुकं इतकं की रस्त्याच्या पलीकडची घरं नुसती सावल्यांसारखी दिसत होती. खेळण्यांच्या दुकानाची पाटी अजून तशीच होती, पण आत काठ्या, वॉकर आणि गरम पाण्याने शेकायच्या रबरी पिशव्या मांडलेल्या. गल्ल्यावर कोणी नव्हतं. बागेतल्या झोपाळ्यांच्या साखळ्या वर गुंडाळून ठेवल्या होत्या. माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. गावात आवाजच नव्हता. ना सायकलची घंटी, ना कोणाची आई कोणाला हाका मारतेय. दारादारांतून मात्र माणसं बसलेली होती. मान वळवून माझ्याकडे बघत होती. आणि बघण्यात एक कौतुक होतं... आपण बाळाकडे बघतो ना, तसं. मी पंचेचाळिशीची बाई.

निवास म्हणजे गावातली जुनी शाळा. मुलं संपली तशी शाळा बंद झाली आणि वर्गावर्गांत खाटा पडल्या. हात धुवायचे नळ अजून गुडघ्याइतक्या उंचीवर. फिनेलचा वास, उतू गेलेल्या दुधाचा वास, आणि त्याखाली खडूचा.

मोठ्या वर्गात सगळी म्हातारी मंडळी खुर्च्यांवर बसली होती. हात मांडीवर. कोणी बोलत नव्हतं. दारापाशी एक उंच आजोबा उठून उभे राहिले. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी याच शाळेत शिकवलं होतं.

"माझ्याच वर्गात माझी खाट आहे," ते म्हणाले. "जन्मभर गप्प बसा, गप्प बसा म्हणून ओरडलो. आता वर्ग गप्प बसलाय."

"धाकटी कुठे आहे माझी?"

"येईल. कामात असते पोर. तोवर तुम्ही तुमचं सुरू करा."

पहिल्या आल्या त्या पोस्टात नोकरी केलेल्या आजी. खुर्चीत बसल्या, कवळी काढून माझ्या हातात दिली, तोंड उघडलं. मी हिरडीवरून बोट फिरवलं.

बोटाला काहीतरी टोचलं.

हाडाचा कण वर आला असेल असं वाटलं. कधी कधी येतो. मी बॅटरी लावून बघितलं. खालच्या हिरडीत पुढे दोन दात उगवत होते. पांढरेशुभ्र, इवलेसे. आणि त्यांची कड करवतीसारखी होती. ती कड फक्त नव्या दाताला असते. चावून चावून ती झिजते, मग दात सपाट होतो. मोठ्या माणसाच्या तोंडात ती कड मी कधी पाहिली नव्हती.

"दुखतं हो रात्री," आजी म्हणाल्या. "काहीतरी चावावंसं वाटतं."

दुसऱ्या बाई आल्या, मग एक आजोबा, मग मास्तर. सगळ्यांच्या तोंडात तेच. मास्तरांच्या तर दाढा फुटत होत्या. डॉक्टरला कळवायला हवं, धाकटीला विचारायला हवं, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं. प्लॅस्टरला पाणी हवं म्हणून मी भांडं घेऊन बाहेर पडले.

व्हरांड्यात एक म्हातारी समोरून येत होती. पाठीत वाकलेली, पांढऱ्या केसांचा बारीकसा अंबाडा, हातात दुधाच्या पेल्यांचा ट्रे. भिंतीला टेकत टेकत, एकेक पाऊल टाकत. वाट अरुंद होती.

"आजी, जरा बाजूने जाऊ द्या," मी म्हटलं.

ती थांबली. मान वर केली.

"ताई..." ती म्हणाली.

भांडं माझ्या हातातून पडलं. त्याचा आवाज सगळ्या वर्गांतून घुमून आला, तरी आतून कोणी काय झालं म्हणून विचारलं नाही.

डोळे तिचेच होते. उजव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण होती. माझी बहीण चौतीस वर्षांची आहे.

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन स्टुलावर बसवलं. तिचे हात हातात घेतले. कातडी कागदासारखी.

"हे काय झालंय तुला? कधीपासून? मला कळवलं का नाहीस?"

"कळवायला वेळ कुठे होता?" ती हसली, आणि हसताना तिने तोंडावर हात धरला. "माझ्याबरोबरच्या दोघी सोडून गेल्या. नवीन कोणी मिळेना. आणायचं कुठून? गावात साठीच्या आतली मी एकटी. दिवसभर हेच."

"हेच म्हणजे काय? काय करतेस काय तू इथे?"

"काही नाही गं. जेवण, औषधं, अंघोळी. आणि दुपारी प्रत्येकाजवळ थोडा वेळ बसायचं. हात धरून. त्यांना एवढंच हवं असतं. जरा बस ना जवळ, म्हणतात. झोप लागेपर्यंत बसते."

"मग?"

"मग त्यांना छान झोप लागते." तिने भिंतीला डोकं टेकलं. "मी दमते."

बाहेर धुकं खिडकीला चिकटलं होतं. तिने पदराच्या टोकाने ओठ पुसले आणि माझ्या पिशवीकडे बघत, लहानपणी जादा खाऊ मागायची त्याच आवाजात म्हणाली, "ताई, आलीच आहेस तर... माझंही माप घेशील?"

माझ्याच्याने तिथे एक क्षण थांबवेना. "चल," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता घरी चल."

"त्यांचं कोण करेल?"

"कोणीही करेल."

"कोणीही नाहीये गं, ताई."

मी ऐकलं नाही. तिची शाल, तिचे कपडे जे हाताला लागलं ते घेतलं आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं. माझं सामान मोठ्या वर्गात राहिलं होतं. तिला दाराशी उभं करून मी ते आणायला आत गेले. पिशवी उचलायला वाकले तेवढ्यात मास्तरांनी माझा हात धरला.

जबरदस्ती नव्हती हो. अगदी हलका, मायेचा हात. ऊबदार.

"दमलात," ते म्हणाले. "जरा बसा ना जवळ."

आणि मी बसले. का बसले, आजही सांगता येणार नाही. असं वाटलं की किती दिवसांत कोणी आपल्याला बस म्हटलेलं नाही. डोळे जड झाले. वर्गातले सगळे श्वास एका लयीत चालले होते, आणि माझाही त्यांच्यात मिसळून गेला. खडूचा वास गोड लागायला लागला...

"ताई, ऊठ."

धाकटी मला हलवत होती, किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. वर्गातले दिवे लागलेले होते. मी बसले तेव्हा दुपार होती. माझ्या दुसऱ्या हातात पोस्टातल्या आजींचा हात होता, आणि बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या ओढून आमच्याभोवती आणल्या होत्या. खुर्च्या ओढल्याचा आवाज मला आला नव्हता. मी हात ओढून घेतले आणि उठले तेव्हा गुडघ्यांतून कळ आली. ती कळ तेव्हापासून आहे.

"आम्ही मागत नाही," मास्तर हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. "ती देते. आम्हाला नाही म्हणता येत नाही... इतकंच."

बसथांबा वर, चढावर होता. धाकटी चार पावलं चालायची, थांबायची. मी तिला जवळजवळ उचलूनच नेत होते. माझाही श्वास फुलला होता. मागे पावलांचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. धुक्यातून सगळे आमच्यामागे चढ चढून येत होते. काठी कोणाच्याच हातात नव्हती. पोस्टातल्या आजींनी रस्त्याकडेचं गटार टुणकन उडी मारून ओलांडलं. आम्ही थांबलो की तेही थांबायचे, ठरावीक अंतर राखून. त्या सगळ्या घोळक्यात एकालाही धाप लागलेली नव्हती. ऐकू येत होते ते आमच्या दोघींचेच श्वास.

बस आली. कोणी अडवलं नाही. आम्ही चढलो तेव्हा आजींनी खिडकीशी येऊन विचारलं, "उद्या कोण येईल?"

धाकटी रडायला लागली. मी काच लावली.

घरी आणल्यावर डॉक्टरांकडे नेलं. "या वयात असं व्हायचंच," ते म्हणाले. मग कागदावरची जन्मतारीख वाचली, धाकटीकडे बघितलं, आणि पुन्हा तारीख वाचली. टॉनिक लिहून दिलं. ते ती घेत राहिली. मी कामाला लागले की ती गॅलरीत उन्हात बसायची. काम उरकलं की मी तिच्याजवळ बसायचे, पण हात धरायचे नाही. सख्ख्या बहिणीचा हात धरायला भ्यायचे, हे कोणाला सांगणार?

पावसाळा सरला तशी ती सुधारायला लागली. आधी पाठ सरळ झाली. मग एक दिवस तिला तेल लावताना केसांच्या मुळाशी काळं दिसलं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या डोक्यावर कपाळ टेकून रडले. हवापालट मानवला, ते गाव सुटलं, म्हणून बरी झाली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. जिना चढून वर जायला लागली, जिन्यात गाणं म्हणायला लागली.

आमच्या इमारतीत सगळी वयस्कर मंडळी. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला मूल झालं, कित्येक वर्षांतलं इमारतीतलं पहिलं. सगळ्या इमारतीने बारसं केल्यासारखा गोंधळ घातला. बाळाच्या आईला बिचारीला एकटीला उरकत नसे, म्हणून दुपारी कोणी ना कोणी बाळाला घ्यायचं. मांडीवर घेऊन बसायचं, झोप लागेपर्यंत.

परवा बाळाची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. "तुम्हाला दातांतलं कळतं म्हणून आले," म्हणाली. "सात महिन्यांचाच आहे. दात येताना पोरं रडतात ना, हा रडतच नाही. दुधाचा दात असा असतो का, जरा बघता?"

"दिवसा कोण सांभाळतं याला?" मी विचारलं.

"तुमची धाकटीच. तिचा फार जीव आहे त्याच्यावर."

मी हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, आणि बोट हळूच हिरडीवरून फिरवलं. मागच्या बाजूला, जिथे अजून दोन वर्षं काही यायला नको, तिथे एक दाढ होती. पिवळी पडलेली. वरून गुळगुळीत, सपाट झिजलेली. पन्नास-साठ वर्षं चावलेल्या माणसाची असते तशी.

बाळाने माझ्या बोटाभोवती मूठ आवळली. ती मला सोडवता आली असती... सात महिन्यांच्या पोराच्या मुठीत असा काय जोर असतो. पण मी त्याला नीट मांडीवर घेतलं, त्याच्या आईला म्हटलं, "तू जा, जरा पड. मी बसते याच्याजवळ." आणि घे बाळा, हवं तेवढं घे, असं मनात म्हणत दुसरा हातही त्याला धरायला दिला.