पेपरमिंटचा वास

ल्यूथर, शेगडीत दोन कोळसे टाक आणि दार लोटून घे. एक आधीच सांगतो, माझा भुतावर विश्वास नाही. आरोग्य खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला भुताची भीती राहत नाही. त्याने नगरसेवक जवळून पाहिलेले असतात. पण जेबेझ होलरॉइडच्या बाबतीत जे घडलं, ते त्याने स्वतः माझ्यासमोर बसून सांगितलं, आणि जेबेझला थापा मारायला लागणारी कल्पनाशक्ती देवाने दिलीच नव्हती.

जेबेझ आमच्या खात्यात इन्स्पेक्टर होता. अख्ख्या यॉर्कशरात त्याच्याइतकं लांब नाक दुसरं नव्हतं, आणि आमच्या धंद्यात नाक हेच भांडवल. तुम्ही आता नळात धूर सोडता. तेव्हा पेपरमिंटचं तेल असे. एकाने छपरावर चढायचं आणि मैल्याच्या नळाच्या तोंडात ते तेल आणि कढत पाणी ओतायचं. दुसऱ्याने खाली बंद घरात खोलीखोलीतून वास घेत हिंडायचं. जिथे पेपरमिंट येईल, तिथे नळ फुटलेला. नियम एकच, पण कडक. ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचं नाही. तेलाचा वास त्याच्या अंगाला दिवसभर चिकटतो, आणि मग घरात वास नळाचा की त्याचा, हे देवालाही सांगता येत नाही.

हा नियम अँब्रोज लम्बने मोडला होता. लम्ब हा जेबेझच्या आधीचा इन्स्पेक्टर. स्किनर्स फोल्ड नावाच्या गल्लीतलं सग्डनबाईंचं घर त्याने उन्हाळ्यात तपासलं. मदतनीस आला नाही, म्हणून तेल यानेच ओतलं आणि खाली उतरून यानेच वास घेतला. पेपरमिंट सगळीकडे! हा म्हणाला, माझ्याच बाहीचा असणार. घर चांगलं असा शेरा मारून मोकळा झाला. पानं गळायच्या आत त्या घरातली दोन पोरं विषमज्वराने गेली. दुसऱ्याच्या दफनाला लम्ब गेला होता, लांब उभा होता म्हणतात. त्याच आठवड्यात तो कालव्यात सापडला. कचेरीत ‘पाय घसरला’ अशी नोंद झाली.

बाई विधवा. तिसरी मुलगी टॅबी, सहा वर्षांची, तीही तापाने पडली. घरमालक आमच्याच आरोग्य समितीवर. तो म्हणाला, घर एकदा तपासलंय, बाईच घाणेरडी. जेबेझने फार डोकं आपटलं तेव्हा समितीने फेरतपासणी मंजूर केली, पण एकच. फुटका नळ सापडला तर मालकाने बाईला दुसरं घर द्यायचं. नाही सापडला तर विषय बंद. म्हणजे टॅबी त्याच खोलीत, त्याच पलंगावर.

“म्हणजे काका,” ल्यूथर, तू आत्ता तोंड उघडलंसच, “भुताने आधी तुमच्या कचेरीत अर्ज केला असेल.”

केला असता तर अजून पडून असता, बाळा. ऐक.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, ते वर्ष. शहरभर रोषणाई झाली होती. खालची गटारं होती तशीच. नोव्हेंबरमधला दुसरा गुरुवार. शेजारी चामडं कमावायचा कारखाना होता, त्याच्या दुर्गंधीत दिवसा पेपरमिंट काय, बॉम्ब फुटला तरी वास आला नसता. म्हणून तपासणी रात्री. जेबेझने नेड टॉर्डॉफला छपरावर चढवलं. सोबत बाटली, किटली आणि छोटी शेगडी.

“अकराचे टोले पडले की ओत,” जेबेझ म्हणाला. “आणि मी हाक मारेपर्यंत खाली उतरायचं नाही. पाऊस आला तरी.”

“आणि मी गोठून मेलो तर?”

“तर वरच राहा. खाली आलास तर तपासणी बिघडेल.”

खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवले. दारांखाली चिंध्या कोंबल्या. बाई वर टॅबीपाशी बसली. जेबेझ मेणबत्ती घेऊन खाली थांबला.

अकरा वाजले.

तो पुढच्या खोलीत गेला. भिंतीच्या कडेने ओणवा होऊन वास घेतला. काही नाही. स्वयंपाकघर, मोरी, मोरीखालचा कोपरा. शिळ्या कोबीचा वास, बाकी काही नाही. वर पोरगी खोकत होती.

तो जिन्याकडे जाणाऱ्या घरातल्या बोळात परत आला, आणि थबकला.

पेपरमिंट.

मघाशी इथे नव्हतं. भिंतीतून येत नव्हतं, जमिनीतून येत नव्हतं. बोळाच्या मधोमध, छातीच्या उंचीवर. कुणी बाही नाकासमोर धरावी तसं.

आणि ते हललं. जिन्याकडे.

जेबेझ संतापला. “नेड! गाढवा! आत कशाला मेलास? सगळ्या तपासणीची माती केलीस!”

त्याने बोळभर मेणबत्ती फिरवली.

“नेड...?”

जिन्याची पायरी वाजली. मग वरची. जेबेझने मेणबत्ती उंच धरली. जिना रिकामा होता. पायरी पुन्हा वाजली.

तो मागोमाग चढला. एवढंच मला म्हणाला, की खाली एकटं थांबण्यापेक्षा चढणं सोपं वाटलं.

वर बाई पलंगाशी बसली होती. ती वैतागून म्हणाली, “इन्स्पेक्टरसाहेब, तुमच्या माणसाला काही रीत? आजारी पोरीच्या खोलीत शिरला, टोपीसुद्धा काढली नाही.”

“कुठे गेला तो?”

बाईने मागे पाहिलं. मग दाराकडे. दारात जेबेझच उभा होता.

टॅबी बोलली. तापाने तिचे ओठ फुटले होते. “गेला नाही,” ती म्हणाली. “तो काय... भिंतीला कान लावून उभाय.”

पलंगाच्या उशाची भिंत. कोरी, चुना दिलेली. तिथे कुणी नव्हतं. वास मात्र तिथे असा दाटला होता, की जेबेझच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने खिडकीचा कागद टराटरा फाडला. डोकं बाहेर काढून ओरडला, “नेड! कुठे आहेस?”

“कुठे असणार?” वरून, छपरावरून आवाज आला. दात वाजत होते. “साहेब, रागावू नका. शेगडी विझली. पाणी गार पडलंय.”

“तेल...? तेल ओतलंस ना?”

“कसं ओतू? बाटलीचं बूच अजून उघडलेलं नाही.”

जेबेझ खिडकीतून हळूच आत वळला.

वास गेला होता. विरला नव्हता, गेला होता.

त्याने पलंग ओढून बाजूला घेतला आणि भिंतीवर मूठ आपटली. ठण्ण. पोकळ. मग नेडला खाली बोलावलं, पहारेने विटा पाडल्या. आत कुणाला ठाऊकच नसलेला जुना मैल्याचा नळ. कधीतरी बुजवायच्या ऐवजी पुढे भिंत घालून मोकळे झाले होते. नळ उभा चिरलेला, बरोबर पोरीच्या उशीच्या उंचीवर. त्या भपकाऱ्याने नेड जिन्यातच ओकला.

टॅबीला जेबेझने आपल्या कोटात गुंडाळलं आणि रात्रीच स्वतःच्या घरी नेलं. बायकोने शिव्या दिल्या आणि दूध गरम केलं. पोरगी तीन आठवड्यांनी उठून बसली. मालकाने बाईला दुसरं घर दिलं. समितीत भाषण मात्र असं केलं, की जणू भिंत त्यानेच फोडली.

सकाळी पंचनाम्याला मी स्वतः गेलो होतो. जेबेझ दारात बसला होता, आत येईना. “तू बघ,” म्हणाला, “आणि मला सांग, मला वेड लागलंय का.”

मी भगदाडात कंदील धरला. नळाला घाम सुटल्यासारखं पाणी होतं, थेंब ओघळत होते. फुटलेली जागा सापडली की आमचे इन्स्पेक्टर तिच्याभोवती खडूने गोल काढतात, गवंड्याला दिसावं म्हणून.

“तू काढलास?” मी विचारलं.

“मी हात लावला नाही.”

“नेडने?”

जेबेझने नाही म्हणून मान हलवली.

चिरेभोवती गोल होता. पांढरा, पूर्ण, एका हाताने सावकाश ओढलेला. नळाला वळसा घालून मागे शिरला होता आणि दुसऱ्या बाजूने तसाच बाहेर आला होता... जिथे नळ भिंतीला टेकलेला होता आणि मधून कागदही सरकला नसता. मी पुढून बोट फिरवलं. नळ ओला होता.

खडू कोरडा होता.