सावळीरामबाबांचा मफलर

फूलबाजारात येऊन गुलाबाच्या जुडीतली एक दांडी कुंडीत लावायला मागणारं गिऱ्हाईक शुभांगीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. २००८ सालची गोष्ट. नाशिकची थंडी नुकती सुरू झाली होती, सराफ बाजाराच्या गल्लीत झेंडूच्या ढिगांवर अजून दव होतं, आणि मखमलाबादच्या मळ्यातून माल घेऊन आलेली शुभांगी काकड पोत्यावर बसून जुड्या बांधत होती. समोर हा उभा. इस्त्रीचा शर्ट, वर हातानं विणलेला स्वेटर, आणि चेहऱ्यावर परीक्षेला चुकीच्या वर्गात येऊन बसल्याचे भाव.

"ही दांडी लावली तर... येईल ना?"

"या दांड्या बादलीत ठेवायच्या, चार दिवस बघायच्या आणि टाकून द्यायच्या. लावायला रोप घ्या."

"रोप आहे घरी. पण त्याचं सध्या — बरं नाहीये."

"काय होतंय त्याला?" शुभांगीनं डॉक्टरीणबाईंसारखा सूर लावला.

"पानं पिवळी पडतात. मुंग्या लागल्यात."

"घालता काय?"

"आई चहाचा चोथा घालते. रोज."

"धुऊन?"

"चोथा कोण धुतं हो?"

"म्हणजे दूधसाखरेसकट!" शुभांगी खुदकन हसली. "मग सोबत खारी पण देत जा. नुसता चहा किती पिणार बिचारा?"

तोही हसला, पण हसता हसता मध्येच थांबल्यासारखा. "करा थट्टा. मला सगळं माहीत आहे. पानं खालून पिवळी पडली की आधी कुंडीत बोट घालून ओल बघायची, मग पाण्याला हात लावायचा. सावळीरामबाबांनीच सांगितलंय."

शुभांगीच्या हातातला दोरा तिथंच थांबला. "कोण बाबा?"

"इंटरनेटवर लिहितात. 'सावळीरामाचा मळा'. ब्लॉग म्हणतात त्याला. तुम्हाला — म्हणजे, तुम्हाला ठाऊक नसेल."

"नाही बाई. आम्ही आपली फुलं विकतो. चांगलं लिहितात का?"

"चांगलं? अहो, आयुष्य मातीत घातलेला माणूस आहे तो. ऐंशीच्या घरात असतील. एकदा त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचंय मला."

शुभांगीनं हळूच आपले पाय पोत्याखाली ओढून घेतले.

कारण 'सावळीरामाचा मळा' तीच लिहीत होती. सावळीराम तिचे आजोबा. ते मळ्यात ठणठणीत होते आणि आपण इंटरनेटवर प्रसिद्ध आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. शुभांगी बी.एस्सी. झालेली, लहानपणापासून गुलाबाच्या वाफ्यांत वाढलेली. आधी तिनं शेतीच्या एका संकेतस्थळावर स्वतःच्या नावानं लिहून पाहिलं होतं. खाली पहिलाच अभिप्राय आला: 'ताई, घरातल्या मोठ्यांना विचारून लिहीत जा.' शुभांगीनं मनावर घेतलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नावच लावून टाकलं. फोटो म्हणून आजोबांचा फूल धरलेला हात, आणि वयाच्या रकान्यात 'भरपूर'. तोच मजकूर, तीच माहिती, पण आता लोक 'बाबा, नमस्कार' म्हणून माना डोलवायला लागले. गंमत वाटायची तिला. रागही यायचा, पण गंमत जास्त.

त्या संध्याकाळी बाबांना मेल आली. पाठवणारा ज्ञानेश, राहणार इंदिरानगर, नोकरी सातपूरच्या कारखान्यात, काम दिवसभर नटबोल्टांतली खोट काढण्याचं. गेले काही महिने तो बाबांना नेमानं लिहीत असे. आज गुलाबाबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी सगळं भलतंच.

'बाबा, फूलबाजारात एक मुलगी भेटली. फार बोलते. पण हसली की राग येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ का?'

शुभांगीनं मेल वाचली, ओढणीचं टोक तोंडात धरून हसली आणि बाबांच्या भारदस्त शैलीत कळवलं: 'जा. पण रिकाम्या हातानं परत येऊ नका. एक जुडी घेत जा.'

बाबांचा शब्द ज्ञानेशनं पाळला. दर रविवारी यायचा, एक जुडी घ्यायचा आणि ती बांधायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या चौपट वेळ उभा राहायचा. शुभांगीही दोरा सावकाश गुंडाळायची.

"आज सुट्टे नाहीत," ती म्हणायची.

"राहू द्या. पुढच्या रविवारी घेईन."

"आणि नाही आलात तर?"

"सुट्ट्यांसाठी तरी येईन ना."

मग संध्याकाळी बाबांना सविस्तर हकिकत जायची. ती काय म्हणाली, हा काय म्हणाला, आज तिनं निळी बांगडी घातली होती. बाबा 'हं' म्हणायचे आणि धीर धरायला सांगायचे. हे असंच कितीही दिवस चाललं असतं. पण मग चहाची मेल आली.

'बाबा, तुम्ही चोथा बंद करायला सांगता, पण आईला ते सांगवत नाही. गुलाब माझ्या वडिलांचा. सकाळी गॅलरीत कुंडीशेजारी बसून चहा प्यायचे आणि उरलेला घोट तिच्यात ओतायचे. मुंग्या होतात म्हणून मी एकदा त्यांच्यावर खेकसलो. ते काही बोलले नाहीत, कप घेऊन आत गेले. त्याच दिवशी दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आता ती रोज चोथा घालते आणि मी काही बोलत नाही. पण झाड मरतंय.'

शुभांगीला आपला खारीचा विनोद आठवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. उत्तरात या वेळी भारदस्तपणा जमेना. तिनं एवढंच लिहिलं: 'आईंना म्हणा, रोज कप भरून कुंडीशेजारी ठेवा, तो तसाच राहू दे. चोथा मात्र धुऊन, वाळवून मूठभर घाला. झाडाला चालतो. आणि वडील रागावून गेले नाहीत. म्हातारी माणसं एवढ्यातेवढ्यावरून रागवत नाहीत, मला ठाऊक आहे.'

पाठवून झाल्यावर तिनं स्वतःचीच ओळ पुन्हा वाचली. 'मला ठाऊक आहे' म्हणणारी कोण होती ती? वय वर्षं चोवीस. तो एका म्हाताऱ्या माणसापाशी मोकळा झाला होता आणि तसा म्हातारा माणूस नव्हताच. आता खरं सांगावं तर हा जाईल. न सांगावं तर जो राहील तो बाबांपाशी राहील, तिच्यापाशी नाही. तिला तो हवा होता. एवढं साधं होतं ते, आणि तिथंच सगळी पंचाईत होती.

जानेवारीतल्या एका रविवारी ज्ञानेश जुडी घेताना म्हणाला, "पुढच्या रविवारी मी यायचा नाही."

"का? गुलाब गेला?"

"छे! नवी पालवी आलीये. गंगापूर रोडला ब्लॉग लिहिणाऱ्यांचा मेळावा आहे. बाबांनी येतो असं म्हटलं नाहीये, पण येतील. आईनं त्यांच्यासाठी मफलर विणलाय."

"आणि नाहीच आले तर? म्हणजे... असे कुणी नसलेच तर?"

ज्ञानेशनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "सगळं जग फसवेल हो. ते नाही फसवणार."

जुडी बांधताना शुभांगीनं काटा बोटात घालून घेतला.

मेळाव्याचा रिवाज साधा होता. एकेकानं उभं राहायचं, नाव सांगायचं, ब्लॉगचं नाव सांगायचं, दोन शब्द बोलायचे आणि बसायचं. हॉलमध्ये कविता लिहिणारे होते, पाककृतीवाल्या दोघी होत्या, किल्ले चढणारा एक होता. शुभांगी शेवटच्या रांगेत बसली. पुढं खिडकीशी ज्ञानेश. मांडीवर खाकी पिशवी, तिच्यातून तपकिरी लोकर डोकावत होती. दार वाजलं की तो मान वळवायचा आणि पांढरे केस दिसले की अर्धवट उठायचा. तिला ते बघवेना. तिची पाळी आली तेव्हा त्यानं तिला पाहिलं, चकित झाला आणि मनापासून हसला.

"मी शुभांगी काकड," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. तिनं घसा खाकरला आणि पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, "शुभांगी काकड. मखमलाबादला आमचा मळा आहे. 'सावळीरामाचा मळा' मी लिहिते. सावळीराम माझे आजोबा. नाव त्यांचं, लिहिलं सगळं मी. माझ्या नावावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, म्हणून त्यांचं घेतलं. ते चुकलं. यापुढं माझंच नाव असेल."

मग मोतीराम अहिरे नावाचे निवृत्त हेडमास्तर ताडकन उभे राहिले. "म्हणजे माझं लिंबाचं झाड मी एका पोरीच्या सांगण्यावरून छाटलं?"

"हो सर. लिंबं लागली का?"

सर घुटमळले. "लागली. लागली म्हणजे — शेजारीपाजारी वाटली."

सगळा हॉल हसला. खिडकीजवळची खुर्ची तेवढी रिकामी झाली होती.

तो बाहेर स्टँडवरून गाडी काढत होता. शुभांगी धावत त्याच्यापाशी गेली.

"निळ्या बांगडीचं वाचून हसली असशील," तो म्हणाला. अहो-जाहो केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"आधी हसायचे. नंतर नाही."

"आणि वडिलांचं?"

"रडले."

"कसं कळणार मला? माझं सगळं तुझ्याकडे आहे, शुभांगी. तुझं माझ्याकडे काय आहे? गुलाबाच्या जुड्या!" त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. गाडी सुरू झाली. मफलरची पिशवी हँडलला तशीच लटकत होती.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही.

शुभांगीनं ब्लॉगवरचा आजोबांचा हात काढला आणि स्वतःचा फोटो लावला, फुलांच्या क्रेटवर बसलेला, उन्हानं डोळे बारीक झालेला. 'माझ्याविषयी' हे पान इतके दिवस कोरं होतं. तिथं नाव, गाव, वय सरळ लिहिलं. काही वाचक रुसून गेले. एकानं 'आम्हाला बाबाच हवेत' असा हट्ट धरला. अहिरे सरांनी मात्र काही न लिहिता लिंबांचा फोटो पाठवला. मग ती स्वतःच्या फजित्या लिहायला लागली. कॉलेजात असताना भर उन्हात औषध फवारून आजोबांचा गुलाबाचा अख्खा वाफा कसा जाळला, आणि आजोबा काही न बोलता दुसऱ्या दिवशी नवी रोपं कशी लावायला बसले, तेही लिहिलं. लोक पुन्हा विचारायला लागले. आता ते 'शुभांगीताई' म्हणत.

चहा प्यायलेल्या गुलाबाबद्दल लिहावं असं तिला एकदा फार वाटलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. कदाचित ज्ञानेशलाही कळलं असतं तिला किती वाईट वाटतंय ते. अर्धं पान लिहून झालंही होतं. मग तिनं ते सगळं पुसलं, कारण ती गोष्ट तिची नव्हती.

होळीच्या आदल्या रविवारी पोत्यासमोर ओळखीचे बूट येऊन थांबले. शुभांगीनं मान वर केली नाही. धीर होईना.

"माझं थोडं काम होतं," बूटवाला म्हणाला. "मी ज्ञानेश. इंदिरानगरला राहतो. चुका काढायची नोकरी आहे, त्यामुळे लवकर रुसतो. आपली ओळख नीट झाली नव्हती, म्हणून म्हटलं..."

"मी शुभांगी," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. रोज वाचतो." तो खाली उकिडवा बसला. "रोज भीत भीत उघडायचो. वाटायचं, आज माझे वडील येतील तिथं. कप, कुंडी, सगळं. नाव बदलून का होईना. एवढं वाचनीय कोण सोडतं? तू एक अक्षर लिहिलं नाहीस."

"ते तू मला सांगितलं नव्हतंस ना. बाबांना सांगितलं होतंस."

त्यानं तिच्या हातातला दोरा काढून घेतला आणि म्हणाला, "आता तुला सांगतो. कळी आलीये."

शुभांगीनं नाक पुसलं, हसली, आणि त्या दिवशी जुडी बांधायची राहूनच गेली.

दुपारी तो तिच्याबरोबर मखमलाबादला आला. चिंचेखाली बाजेवर खरे सावळीरामबाबा बसले होते. ज्ञानेशनं वाकून पायांवर डोकं ठेवलं आणि पिशवीतला मफलर त्यांच्या गळ्यात घातला. मार्चचं ऊन. म्हाताऱ्यानं लोकर चाचपून पाहिली.

"लय गरम हाय," ते म्हणाले. "पर हे कशापायी?"

"तुमच्या नावानं मला फार चांगले सल्ले मिळाले, बाबा. आता शेवटचा एक विचारायचाय. लग्नाचा." ज्ञानेशनं मफलरचं टोक सरळ केलं. शुभांगी हौदाशी पाय धूत होती, तिचा तांब्या हातातच राहिला. "तुमच्या नातीला मागणी घालावी म्हणतो. घालू का?"

सावळीरामबाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग हौदाकडं बोट केलं.

"मला काय इचारतो? या मळ्यात मला कोणी काय इचारत नाय आता. समदं तिला ठाव. तिलाच इचार."

ज्ञानेश वळला. विचारायची वेळच आली नाही.

"हो," शुभांगी म्हणाली. "पण चोथा धुऊन घालायचा."